परतवाट नको, फेरा हवा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायची सोय नाही, कारण हे समोरच बसलेले असतात. आणि माझा मोबाइल माझ्यापेक्षा तेच जास्त वाचतात.

फेब्रुवारीत आलास की नॅशनल पार्कात जायचं तू ठरवलंयस. शिलोंड्याची वाट बाबांना लगेच पसंत पडली, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. नाल्यातले दगड ओलांडायचे, आणि यांचा उजवा गुडघा हल्ली जिना उतरताना कुरकुर करतो. डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही, उतार जपून उतरा म्हणालेत. हे मात्र सगळ्यांना ‘काही नाही, हवा बदलली’ असं सांगतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस, बोरिवलीच्या टेकडीवर ‘इथूनच मागे फिरू’ म्हणेल का? जन्मात नाही. सरळ जाऊन त्याच वाटेने परत यायचं असलं की अर्ध्यातून वळणं म्हणजे हरणं. म्हणून मला गोल फेरा हवाय. फेऱ्यात मागे फिरणं नसतंच, फार तर फेरा जरा लहान होतो.

मी पार्कातलीच कान्हेरीची लेणी ठरवलीयत. मागच्या आठवड्यात आमच्या सकाळच्या फिरायच्या बायकांबरोबर जाऊन बघूनही आले (बाबांना भिशी आहे म्हणून सांगितलं). गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर लांब आहेत, तेवढं बसने जायचं. ते अंतर ‘पायीच जाऊ, किती ते’ असं कोणी म्हणालं तर तू पिल्लूचं नाव पुढे कर. सोमवारी सगळं बंद असतं, तेव्हा तुझ्या रजेतला सोमवार भलत्याच कामाला लाव.

फेरा असा. पायऱ्या चढून आधी तीन नंबरचा चैत्य. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उंच बुद्ध उभे आहेत, पिल्लू मान वर करून बघत राहील. तिथून नाल्याच्या कडेने अकरा नंबरला. त्या लेण्यात लांबच लांब दोन दगडी ओटे आहेत आणि आत चांगला गारवा असतो. पहिला मुक्काम तिथेच. मग कोरलेल्या पायऱ्यांनी वरच्या रांगेत, डोंगराच्या पाठीवरून फिरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली. मला दोन तास लागले, आपल्याला तीन धर. वरच्या रांगेतून मधेच खाली उतरायला पायऱ्या आहेत, त्या तू आधी हेरून ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खडा भाग चढताना घ्यायचा आणि उतरायला रुंद पायऱ्यांची बाजू ठेवायची. लोक उलट करतात, चढताना दम लागतो म्हणून. दम बसल्या जागी भरून येतो रे. उतरताना मात्र सगळं वजन वाटीवर येतं आणि मांडीला एकसारखा ब्रेक लावावा लागतो. त्यात कातळावर मुरूम पसरलेला असला की पाय सरकतोच. गुळगुळीत तळव्याचे बूट कोणी घालायचे नाहीत. तुझे ते पांढरे तर बॅगेतच राहू देत.

बसायला निमित्त लागेल. ते बाबांना मागायची गरज पडता कामा नये. वर जागोजागी पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि पोढी, लेणी कोणी दान दिली ते ब्राह्मीत कोरलेलं आहे. त्यात सोपाऱ्याचे लोक आहेत तसे कल्याणचेही आहेत. तू फक्त विचार, ‘बाबा, कल्याणहून हे लोक इतक्या लांब कसे यायचे?’ माझं माहेर कल्याण म्हटल्यावर अर्धा तास कुठे गेला नाही! शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट मात्र धरू देऊ नकोस. चौतीस नंबरच्या छतावर अर्धवट राहिलेलं चित्र आहे, वाटेत आलं तर दाखव. नाही तर राहू दे.

ऊन अकराच्या पुढे नको. तो काळा कातळ तापला की खालूनही भाजतो. माणशी एक लिटर पाणी घरून, पोढीतलं पिऊ नये. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये. हातात पिशवी दिसली की माकडं सरळ ओढून नेतात, आमच्यातल्या एकीची अख्खी थालीपिठं गेली. झाडांकडेही बघा. भुत्याची पानं गळून पांढरी खोडं नुसती उभी असतात, आणि काटेसावर फुलली असेल.

काठ्या तू आण, दोन. एक स्वतः घे आणि फोटो काढायच्या निमित्ताने दुसरी बाबांच्या हातात देऊन विसरून जा. हात मात्र पुढे करू नकोस. मी एकदा केला होता, दोन दिवस अबोला होता.

वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुझी,
आई

ता. क. – पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाबा आत येऊन विचारून गेले, ‘कान्हेरीच्या पायऱ्या तुला झेपतील ना गं? मुलाला सांगून ठेवू का, जरा हळू घे म्हणून?’ मी म्हटलं, सांगा.