दहाचा वर्ग एकशे दोन कसा झाला?

मालवण,
आषाढ

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. प्रश्नपत्रिका छापून आली ती १०² चं १०२ होऊन, आणि π च्या जागी चक्क पी बसलेला, हे तुझं गाऱ्हाणं पोचलं. छापखान्यावर उगाच डाफरू नकोस. तुझा वर चढलेला २ हा साधाच २ होता, कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकची की दाबून नुसता उचललेला. मजकूर दुसरीकडे साधा पेस्ट झाला की ही मांडणी गळते आणि २ खाली उतरतो. π सिम्बॉल फॉन्टातला. तिथे पी दाबला की π दिसतो, फॉन्ट बदलला की आतला पी उघडा पडतो.

तेव्हा चिन्ह युनिकोडमधलंच घे, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या यादीतलं. वर्डमध्ये २२१२ लिहून लगेच ऑल्ट धरून एक्स दाब, खरं वजाचिन्ह − येतं. हायफन आखूड असतो, शिवाय ओळीच्या टोकाला तिथेच ओळ तुटते. २२६४ ला ≤, २२६५ ला ≥, २२६० ला ≠. हे आकडे इंग्रजी कीबोर्डवरच टाइप कर, देवनागरी अंकांचं वर्ड काही करत नाही. आणि आधीच्या संख्येला चिकटवू नकोस: ७ ला लागून २२१२ लिहिलंस तर वर्ड ७२२१२ हा एकच क्रमांक धरतो आणि भलतंच काहीतरी उमटतं. मध्ये जागा सोड.

कीबोर्डला उजवीकडे वेगळे अंक असतील तर नमलॉक चालू करून, ऑल्ट दाबून धरून ०२१५ ला ×, ०२४७ ला ÷, ०१७८ ला ². वरच्या रांगेतले अंक इथे चालत नाहीत, म्हणून छोट्या लॅपटॉपवर हा मार्ग बंद. हापूसच्या ४ पेट्या × ५ डझन इथे एक्स टाकलास तरी पोरं समजून घेतील, पण बीजगणितात तोच एक्स चल म्हणून येतो. क्ष लिहायचे तेव्हा ही कटकट नव्हती!

√ वर खास लक्ष ठेव. टाइप केलेल्या √ ची आडवी रेघ पुढच्या संख्येवर पसरत नाही. √१६+९ म्हणजे ४+९, उत्तर १३. तुला ५ हवं असेल तर √(१६+९) असा कंस घालच. रेघच हवी तर ऑल्ट आणि बरोबरची की एकत्र दाबून समीकरणाची चौकट उघड. ती चौकट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टिकेलच असं नाही, म्हणून छापखान्याला वर्डच्या जोडीने पीडीएफही दे आणि ताडून बघायला सांग.

पुढच्या वेळी चिन्हाऐवजी रिकामा चौकोन दिसला तर बहुधा चिन्ह शाबूत असतं, त्या फॉन्टात त्याचा आकार नसतो. फॉन्ट बदलून बघ. भलतंच अक्षर दिसलं तर मात्र चिन्ह नव्याने टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत हा ताप जास्त, कारण × च्या घरात त्यांनी एखादं मराठी अक्षर नाहीतर मात्रा बसवलेली असू शकते.

पावसात लाइट गेलीच तर मोबाइल आहे. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, इंग्रजीत ठेव. अंकांच्या पानावरून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर गेलास की √, π, ÷, × समोरच आहेत. २ दाबून धरलास तर ², बरोबर दाबून धरलंस तर ≠.

दुरुस्त प्रत पाठव, कंस मी तपासतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत