आमच्या केंद्राला त्याचे तास परत द्या

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
सादर नमस्कार.

आकाशवाणीच्या महाराष्ट्रातल्या एका केंद्रावर मी अठरा वर्षं हंगामी निवेदिका होते. महिन्याला फार तर सहा ड्युट्या मिळायच्या. पहाटेची सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, असली की पावणेपाचला घर सोडायचं, फाटकावरच्या वहीत सही करायची, क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांची क्रमवार यादी, ताब्यात घ्यायची आणि संकेतधून सुरू व्हायच्या आत माइकसमोर बसायचं. आता मी त्या कामात नाही, त्यामुळे स्वतःसाठी काही मागायचं नाही. जे डोळ्यांदेखत घडत गेलं ते तुमच्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हे पत्र.

एका ऑगस्टमधली रात्र सांगते. तीन दिवस पाऊस कोसळत होता. संध्याकाळच्या सभेत धरणाच्या नियंत्रण कक्षातून फोन आला, विसर्ग वाढवतोय, नदीकाठच्या गावांना सांगा. पाठोपाठ गावांची सरकारी यादी आली. आमचे ड्युटी ऑफिसर त्याच भागातले. त्यांनी यादी वाचली, खिशातलं पेन काढलं आणि नावांशेजारी दुसरी नावं लिहायला लागले. यादीत 'बुद्रुक' होतं तिथे 'थोरलं' लिहिलं, 'खुर्द' होतं तिथे 'धाकटं', कारण लोक तसंच म्हणतात. एका वाडीचं नाव यादीत नव्हतंच. कागदोपत्री ती शेजारच्या गावात मोडते, पण पाणी चढलं की पहिला रस्ता तिचाच तुटतो. ती त्यांनी सगळ्यात वर लिहिली. मला म्हणाले, "बाई, दोन्ही नावं घ्या. सावकाश घ्या. आणि दर गाण्यानंतर परत घ्या." सभा संपायची वेळ झाली तरी आम्ही उठलो नाही. त्या रात्री अर्ध्या तालुक्यात वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर एकेक करून बंद पडत होते. सेलवरचे रेडिओ तेवढे चालू होते.

त्या वाडीचं नाव दिल्लीत बसून कुणाला लिहिता आलं नसतं. मुंबईतही नाही.

आज तशीच रात्र आली तर काय होईल, या विचाराने मला खरंच धास्ती वाटते. ते ड्युटी ऑफिसर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. आमच्या केंद्राचे स्वतःचे तास दरवर्षी थोडे थोडे कमी झाले आणि तिथे सहक्षेपण आलं. दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम इथल्या ट्रान्समीटरवरून पुढे पाठवायचा आणि घड्याळ सांभाळायचं, एवढंच काम उरलं. सहक्षेपणाला माझा विरोध नाही. राष्ट्रीय बातम्या, संगीत सभा सगळ्या देशाने एका वेळी ऐकाव्यात, हे मलाही पटतं. पण केंद्राची संध्याकाळच उसनी झाली, तर ते केंद्र कसलं?

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तिथलं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठवला, आदेशाला स्थगिती मिळाली, याबद्दल मी आपल्या मंत्रालयाची मनापासून ऋणी आहे. पण असा आदेश काढावासा वाटतो, याचंच मला जास्त वाईट वाटतं. आपल्या देशात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे रेडिओवरची बातमी ही जबाबदारी जवळजवळ सगळी आकाशवाणीवर आहे. अशा वेळी एक वृत्त विभाग मिटला की त्याची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. तेवढा मुलूख रेडिओपुरता मुका होतो.

महोदय, या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दिलेलं एक देणं आहे आणि ते आपल्या मंत्रालयाच्या इतिहासातही नोंदलेलं असेल. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ ग्रामीण मंचाचा प्रयोग केला. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. गावकऱ्यांनी ठरलेल्या दिवशी रेडिओभोवती जमायचं, शेतीवरचा किंवा आरोग्यावरचा कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात त्यावर बोलायचं आणि प्रश्न केंद्राकडे धाडायचे. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. पुढे अनेक देशांत तिचा दाखला दिला गेला. ज्या काळात गावात एखादाच रेडिओ असायचा, त्या काळात गावाचं म्हणणं स्टुडिओपर्यंत पोचत होतं! आज हातोहाती फोन आहेत आणि आमच्या केंद्रावर श्रोत्यांचा फोन घ्यायला माणूस नाही.

माणूस नाही, यावर मला थोडं थांबायचं आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन स्वायत्त संस्थेकडे सोपवणारा प्रसारभारती कायदा संसदेने १९९० साली मंजूर केला. त्याआधी आणीबाणीत आकाशवाणीचं काय झालं हे देशाने पाहिलं होतं, वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. कायदा होऊनही तो लागू व्हायला १९९७ साल उजाडलं. त्याच कायद्यात नोकरभरतीसाठी वेगळं मंडळ सांगितलं होतं. ते २०२० मध्ये नेमलं गेलं, कायद्यानंतर ३० वर्षांनी. या तीस वर्षांत जे निवृत्त झाले त्यांच्या खुर्च्यांवर आमच्यासारखे हंगामी लोक बसत गेले. ना पगारी रजा, ना निवृत्तिवेतन, ना पुढच्या महिन्याची खात्री. आम्ही ते प्रेमापोटी केलं. पण वीस वर्षांत शिकलेलं दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर समोर शिकणारा कायमचा माणूस लागतो, आणि तो आलाच नाही.

त्या कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. कलम १३ मध्ये २२ खासदारांची संसदीय समिती आणि कलम १४ मध्ये प्रसारण परिषद. प्रसारणाबद्दल नागरिकांच्या तक्रारी ऐकायच्या त्या या परिषदेने. दोन्ही आजवर अस्तित्वात आल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं होतं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियंत्रण जनतेच्या हिताचं भान असलेल्या स्वायत्त यंत्रणेकडे असावं. हा निकाल आम्हा निवेदकांना कार्यशाळेत शिकवला जायचा. मालकाला आपल्या मालमत्तेबद्दल तक्रार करायला जागाच नसावी, हे बरं नाही.

पैशाचं म्हणाल, तर सरकारने काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या प्रसारण पायाभूत सुविधांच्या योजनेत २,५३९ कोटी रुपये होते. नवे ट्रान्समीटर, नवी यंत्रसामग्री हवीच होती. पण माइक चांगला झाला म्हणजे बोलणारा आपोआप येतो असं नाही. शिवाय केंद्रांवर महसुलाचं उद्दिष्ट असतं. कार्यक्रम अधिकारी प्रायोजक शोधत हिंडतो, आणि ज्या विषयाला प्रायोजक नाही तो मागे पडतो. कुष्ठरोगावर, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवर, बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीतल्या गाण्यांवर कोण जाहिरात देणार? नेमकं तेच आमचं काम होतं. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे आकाशवाणीचं बोधवाक्य आहे आणि मी ते अठरा वर्षं स्टुडिओच्या दारावर पाहत आले.

जगातही हे सोपं राहिलेलं नाही. ग्रीसने ११ जून २०१३ च्या रात्री आपली सार्वजनिक वाहिनी बंद केली आणि दोन वर्षांनी पुन्हा सुरू केली. अमेरिकी संसदेने २०२५ च्या जुलैत सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले, त्याचा सर्वांत मोठा फटका दूरच्या, लहान वस्तीच्या केंद्रांना. जर्मनीत मात्र घरटी ठरलेली वर्गणी आहे आणि ती किती असावी हे सुचवायला स्वतंत्र आयोग आहे. आपल्याकडे रेडिओचा परवाना काढायचे दिवस गेले, ते परत आणा असं मी म्हणत नाही. पण अनुदान एकदम पाच वर्षांचं ठरवून द्यावं आणि त्यातला ठरलेला हिस्सा फक्त जिल्हा केंद्रांवरच्या कार्यक्रमांसाठी राखावा, हे कायदा न बदलताही करता येईल असं मला वाटतं.

'आता ॲप आहे, जगात कुठूनही ऐका,' असं मला सांगितलं जातं. पुण्या-मुंबईत शिकणारी आमच्या जिल्ह्यातली मुलं ॲपवर घरचं केंद्र ऐकतात, याचा आनंदच आहे. पण त्या ऑगस्टच्या रात्री टॉवर गेले होते. ॲप हे ट्रान्समीटरच्या जोडीला हवं, त्याच्या बदल्यात नको. फोनमधलं एफएम चालू ठेवा, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना सुचवलं होतं. ती सूचना सक्तीची करता आली तर फार मोठं काम होईल.

शेवटी एक गोष्ट सांगते, जी माझ्या मनातून जात नाही. एक तरुण एकदा केंद्रावर आला. त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आमच्याकडे ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, असं घरात सगळे सांगत. आजी गेली होती, तिचा आवाज कुणाकडेच नव्हता. मी त्याला घेऊन टेप लायब्ररीत गेले. जुनी नोंदवही काढली. आजीचं नाव सापडलं, गाव सापडलं, कालावधी लिहिलेला होता, अकरा मिनिटं. पुढच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'पुसली'. तेव्हा नव्या टेपा वेळेवर मिळत नसत, म्हणून जुन्यांवरच पुन्हा मुद्रण व्हायचं. ज्याने पुसली त्याला मी दोष देत नाही. त्या मुलाने मोबाइलवर त्या ओळीचा फोटो काढून घेतला आणि गेला.

मोठ्या गायकांच्या, नेत्यांच्या ध्वनिफितींचं डिजिटलीकरण झालं आहे, पुढेही होईल. जिल्हा केंद्रांच्या कपाटांत मात्र अशा अनोळखी माणसांच्या फिती अजून आहेत. काही आता यंत्रावर चढवल्या की चिकटतात, त्यावरची भुकटी हाताला लागते. फार वर्षं हातात नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक केंद्राला संध्याकाळच्या सभेतले निदान दोन तास त्याच्या स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांकडून भरायला द्या. त्यासाठी त्या त्या भागातल्या मुलामुलींची नियमित भरती करा. प्रसारण परिषद नेमा. आणि येत्या पावसाळ्याच्या आत एक माणूस आणि एक यंत्र देऊन टेप लायब्ररीतलं काम सुरू करा. आमच्या केंद्रावर खिडकीकडचं कपाट आधी घ्यावं, कारण तिथे गळतं.

आपली विश्वासू,
आकाशवाणीची एक माजी हंगामी निवेदिका