मान धरेल, आई, काळजी करू नकोस

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा व्हिडिओवर चिऊला पालथी बघितलीस आणि फोन ठेवलास तो ठेवलासच. म्हणून पत्र लिहितेय. आम्ही सगळे मजेत आहोत. डिंकाचे लाडू पोचले, मी खातेय, कान बांधूनच बाहेर पडतेय.

चिऊच्या मानेला काही होत नाही गं. उचलताना मानेखाली हात असतोच, तूच शिकवलंयस ते. इथली रीत अशी की बाळाला झोपवायचं ते पाठीवरच. उशी नाही, सैल दुपटं नाही, पाळण्यात बाळ एकटं. १९९४ साली इथे तशी मोठी मोहीमच निघाली, कारण पालथी झोपवलेली तान्ही बाळं झोपेतच जाण्याची भीती जास्त असते. पुढे ते प्रमाण निम्म्यावर आलं. पण सारखी उताणी राहून बाळांची डोकी मागून चपटी व्हायला लागली, मानेला-खांद्यांना कामच उरेना. म्हणून जागेपणी, आपण समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा पालथं घालायचं. सुरुवातीला तीन ते पाच मिनिटंच. ह्याला टमी टाइम म्हणतात. दूध पाजल्या पाजल्या मी घालत नाही, आणि रडली की लगेच उचलते.

पहिल्या आठवड्यात ती नुसती नाक एका बाजूला वळवून पडायची. आता सात आठवड्यांची झालीय. छातीखाली टॉवेलची गुंडाळी देते आणि मीही समोर जमिनीवर आडवी होते. कपाळाला आठ्या पडतात, डोकं डुगडुगतं, हनुवटी चार बोटं वर येते, माझ्याकडे बघते आणि गाल धपकन गोधडीवर. तिथे लाळेचा एक गोल उमटतो. तुझ्या हिरव्या साडीचीच गोधडी आहे ती. मान नीट धरायला अजून दोनेक महिने जातील.

तुझे गुडघे धड होते तेव्हा पाय पसरून बसायचीस, दादाच्या लेकीला पायांवर पालथी घालून पाठ चोळायचीस. तीही अशीच मान उचलायची ना? मला तसं न्हाऊ घालायला जमत नाही, माझे पाय थरथरतात. तू हवी होतीस इथे.

मोहरीची उशी कपाटात आहे. वापरतेय असं फोनवर म्हटलं होतं, ते खरं नव्हतं. रागावू नकोस.

बाबा, दीड लाख पाठवलेत ते आईच्या ऑपरेशनचेच. त्यातले लग्नाच्या हॉलला देऊ नका, हॉलचे पुढच्या महिन्यात पाठवते. मुहूर्त मे महिन्यातलाच धरा, आमच्यासाठी पुढे ढकलू नका. माझी रजा तोवर संपलेली असेल, आणि इतक्या लगेच पुन्हा सुट्टी मिळणार नाही. तुमचे जावई चार दिवस तरी जाऊन येऊ म्हणतात, पण चिऊला घेऊन चार दिवसांसाठी एवढा प्रवास कसा करायचा? छोटीला तुम्ही काही सांगू नका. रविवारी मीच तिला फोन करते.

तुमची,
ताई