वर्गात रुग्ण आढळल्यावर त्याच दिवशी कळवा

शाळा पुन्हा भरू लागल्या, पण वर्गात कुणी आजारी पडलं की अजूनही लपवाछपवीच चालते. माझ्या मुलीच्या बाकावरची मैत्रीण अंगावर फोड आले म्हणून मधल्या सुट्टीत घरी गेली. आम्हाला ते मुलीकडूनच कळलं, तेही चार दिवसांनी. कांजिण्यांवर निभावलं, गोवर असता तर? गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवत असतो. लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर 72 तासांत लस मिळाली, तर आजार टळू शकतो. नेमके तेच तास आपण वाया घालवतो.

शाळेने त्याच दिवशी सगळ्या पालकांना कळवावं. आजाराचं नाव सांगावं, मुलाचं नव्हे. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी राहावं, एवढ्यासाठी पूर्ण शाळा बंद ठेवायला नको. शेजारी कोण बसतं, एकाच गाडीतून कोण येतं, याची नोंद वर्गशिक्षकांकडे असावी. गोवरात मात्र सगळा वर्गच संपर्कात धरावा. आणि कृपा करून आजारपणाची गैरहजेरी धरू नका. तिच्याच धास्तीने सकाळी तापाचं औषध पाजून मुलांना शाळेत धाडलं जातं.

– एक पालक