तक्त्यात तोंडाचा रकाना नाही

संपादक महोदय,

माझी आत्या 78 वर्षांची. उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून ती जळगावच्या एका शुश्रूषा केंद्रात आहे. मुलगा पुण्याला, त्यामुळे दर रविवारी अमळनेरहून मी जाऊन येतो. गेल्या हिवाळ्यात तिचं जेवण एकदम तुटलं. "तोंडले चव नही," एवढंच म्हणे. केंद्रातल्यांनी सांगितलं, वय झालं की असंच होतं. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी घरून वांग्याचं भरीत नेलं, मिरची अगदी बेताची. भरितासाठी जीव टाकणारी बाई, पण पहिल्याच घासाला कळवळली. मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात पाहिलं. वरची कवळी किती दिवसांत काढली नव्हती देव जाणे. खाली टाळू लालभडक, कडेला पांढरे चट्टे. लुळ्या बाजूच्या गालात सकाळच्या उपम्याचा लगदा तसाच साठलेला. अर्धांगवायूच्या रुग्णाला त्या बाजूचं कळतच नाही, हे मला दाताच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. खालचे सहा-सात दात तिचे स्वतःचे आहेत. त्यासाठी भरती करतानाच मी ब्रश आणून दिला होता. तो कपाटात वेष्टनासकट सापडला.

पलंगाला रोजचा तक्ता अडकवलेला असतो. स्पंजिंग, डायपर, कूस बदलणे, बीपी, साखर, गोळ्या, सगळ्यापुढे टिकमार्क. तोंडाचा रकानाच नव्हता. मग ते काम करायचं कोणी, आणि राहिलं तर विचारायचं कोणी?

मी मावशींना दोष देत नाही. रात्रपाळीला एकट्या बाईकडे आठ-दहा पेशंट. "दादा, बोट चावतात हो, आणि पाणी ठसक्यात गेलं तर माझ्यावर येईल," असं त्या म्हणाल्या. भीती खोटी नाही. पण त्यावरची रीत त्यांना कोणी शिकवलेलीच नव्हती. डॉक्टरांनी ती पलंगाशी उभं राहून पाच मिनिटांत दाखवली. आधी रुग्णाला उशाशी उंच करून बसवायचं, मान किंचित पुढे. कवळी काढून घ्यायची. मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट, चूळ भरता येत नसेल तर त्याहूनही कमी, आणि फेस ओल्या गॉजने टिपून घ्यायचा. दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू पुसायचीच. कवळी ब्रशने घासून रात्री साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते. तिच्यावर नावही घालून घ्यावं. जिथे सगळ्यांच्या कवळ्या एकत्र धुतल्या जातात, तिथे अदलाबदल ठरलेली.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाची लाळ झोपेत श्वासनलिकेत उतरते, आणि अस्वच्छ तोंडातले जंतू तिच्यासोबत फुप्फुसात जातात. जपानमधल्या 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जेवणानंतर ज्यांचं तोंड नीट साफ केलं, त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण 11 टक्के होतं, बाकीच्यांत 19. आपल्याकडे म्हातारं माणूस न्यूमोनियाने गेलं की 'थंडी बाधली' म्हणून विषय संपतो. मधुमेह असेल तर हिरड्या आणखी बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही. बीपीच्या, नैराश्याच्या कित्येक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, ते वेगळंच.

आम्हा नातेवाइकांचंही चुकतंच. भेटायला जाताना केळी न्यायची, चहात बुडवून बिस्किटं भरवायची आणि "जेवली का?" विचारून निघायचं. तोंड धुतलं का, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. आपल्या भागात तर अनेक म्हाताऱ्यांची उभी हयात तंबाखू-मशेरीत गेलेली. त्यांच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पण तोंड उघडून बघणारं कोणी असलं तर ती दिसणार.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या वृद्धाश्रमांच्या आणि शुश्रूषा केंद्रांच्या चालकांना आपल्या पत्रामार्फत एवढीच विनंती, की भरतीच्या दिवशी तोंड तपासून नोंद करा, तिमाहीला दाताच्या डॉक्टरांना बोलवा, आणि रोजच्या तक्त्यात 'तोंड : सकाळ, रात्र' असा रकाना घाला. घरी केअरटेकर ठेवणाऱ्यांनीही कामं ठरवतानाच हे बोलून घ्यावं.

आत्याचा बुरशीचा संसर्ग दोन आठवड्यांच्या औषधाने गेला. आता ती दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी खाते, आणि कमी दिली तर रागावते. तिच्या तक्त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत मी पेनाने दोन रेघा मारून रकाना आखून दिला आहे. शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या तक्त्यात तो अजून नाही.

– एक वाचक, अमळनेर