ग्रेट ओशन रोडवरच्या अनोळखी माणसांनो, आभार!

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर भेटलेल्या, पण नावं विचारायची राहूनच गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

केनेट रिव्हरला आम्ही मान दुखेपर्यंत निलगिरीचे शेंडे न्याहाळत होतो. कुत्र्याला फिरवायला आलेल्या आजी म्हणाल्या, "आधी बुंध्याशी लेंड्या शोधा, मग वर बघा." लगेच बेचक्यात कोआला सापडला! तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, त्यामुळे ओळख एकतर्फीच झाली.

वॉर्नम्बूलच्या लोगन्स बीचवर स्वतःची दुर्बीण आमच्या हाती देऊन थंडीत उभे राहिलेले काका, तुमच्यामुळे सदर्न राइट व्हेलची मादी आणि पिल्लू दिसलं. या माद्या हिवाळ्यात पिल्लांना जन्म द्यायला किनाऱ्याजवळ येतात. डोक्यावरच्या पांढरट, खरबरीत चट्ट्यांवरून एकेक देवमासा ओळखता येतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

पहिल्या महायुद्धातून परतल्यावर, १९१९ ते १९३२ या काळात, कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खोदणाऱ्या सैनिकांचेही आभार. ते कड्याकडेचे वळसे बघून छातीत धस्स होतं.

आणि अपोलो बेच्या पेट्रोल पंपावरचा दादा! "अंधार पडला की गाडी नको, कांगारू आडवे येतात," असं त्यानं बजावलं. आम्ही मुकाट्यानं तिथेच मुक्काम केला.