व्हॉल्व्ह पाठवू नकोस, दादा

हिल्सबरो, ऑरेगन
नोव्हेंबरअखेर

प्रिय दादा,
सा. न.

आत्या इकडे येताना तिच्या बॅगेत अर्धा इंची स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह घालून देतो म्हणालास. देऊ नकोस. माल तुझा चांगलाच असणार, पण आटे जुळणार नाहीत. पाइपच्या आट्यांचं प्रमाण माप आपल्याकडे बीएसपी, इथे एनपीटी. गंमत अशी की अर्ध्या इंचाला दोन्हींचे इंचामागे १४च आटे, म्हणून पहिले दोन-तीन फेरे गुमान बसतात आणि जमलं असं वाटतं. पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०, शिवाय बाहेरचा व्यासही थोडा वेगळा. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळ, भांडं तापलं की थेंब सुरू. पाण्याला थेंब चालून जातो, गॅसला नाही. आणि माझ्या बिअरच्या स्टँडवर पाण्याची आणि गॅसची लाइन हातभर अंतरावर असतात.

फोटोतला तो सांगाडा कसला, वर तीन पिंपं कसली, हे विचारलं होतंस. घरी बिअर करायचा स्टँड आहे तो. इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या बिअरवरचा केंद्राचा कर गेला. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे तू असा स्टँड बनवलास तर त्यावर तांबडा रस्सा कर. त्यालाही उत्तम.

वेल्डिंग तुला शिकवायला नको, म्हणून आधी वर काय शिजतं ते सांगतो. सातूला मोड आणून वाळवतात, नाचणी सत्त्वाला आणतो तसेच. मग भरड काढून ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, पिठाची साखर होते. हा मॅश. वरून ७६ अंशांचं पाणी सोडत गोड पाणी खाली गाळून घेतात, त्याला वर्ट म्हणतात. ते हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, झटपट २० अंशांवर आणायचं आणि यीस्ट टाकायचं. म्हणून भांडी तीन: गरम पाण्याचं, मॅशचं, उकळीचं. ३८ लिटर बिअरला साधारण १० किलो धान्य, आणि पाणी ५६ लिटर धर: धान्य किलोमागे लिटरभर पिऊन टाकतं, तासाच्या उकळीत ५ लिटर वाफ होते, तळाशी आणि नळ्यांत २-३ लिटर अडकतं.

आता पिंपं. हे बिअर कंपन्यांचे स्टेनलेसचे केग. मोठा केग १५.५ गॅलनचा, म्हणजे ५८ लिटरच्या थोडा वर. रिकामा साडेतेरा किलो, भरलेला ७२. दुकानातून केग आणताना डिपॉझिट भरतो ती किंमत नव्हे, केग कंपनीचाच राहतो. कापायचा तो ब्रुअरीने बाद करून विकलेला, पावतीसकट. कापण्याआधी वरच्या व्हॉल्व्हचा गोळा दाबून आतला दाब पूर्ण सोडायचा, शिट्टी थांबली तरी आणखी थोडा वेळ. मग रिंग काढून आतली लांब नळी बाहेर. तिला स्प्रिंग असतो, तोंड त्यावर धरायचं नाही. दाब न सोडता ग्राइंडर लावणं हा या कामातला सगळ्यात घातक मूर्खपणा. वर १२ इंची गोल कापायचा, हँडलचा कडा शाबूत ठेवायचा. आणि कटिंग व्हील नवीन कोरं हवं. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर चाललेलं व्हील स्टेनलेसला लावलं की लोखंडाचे कण रुततात, महिन्याभरात तांबूस ठिपके उठतात आणि लोक म्हणतात स्टेनलेस खोटं होतं.

खाली नळासाठी भोक पाडताना स्टेप ड्रिल, कमी आरपीएम, भरपूर तेल आणि सलग दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं की जागा कडक होते, मग कितीही जोर लाव, चमकते पण कापत नाही. फिटिंग वेल्ड करायचं तर आतून आर्गॉन वायू सोडायला हवाच; नाहीतर मागची बाजू काळी, साखर फुटल्यासारखी खरबरीत होते आणि तिथे घाण धरते. आर्गॉनचा खटाटोप नको असेल तर दोन्हीकडून नट आणि सिलिकॉनची ओ-रिंग. तेही वर्षानुवर्षं टिकतं, ओ-रिंग मात्र ज्वालेच्या बाजूला उघडी पडता कामा नये.

व्हॉल्व्ह जुना घ्यायचा तर तीन तुकड्यांचा घे, चार बोल्ट काढले की मोकळा होतो. दोन तुकड्यांच्या व्हॉल्व्हमध्ये गोळ्याच्या मागे वर्ट साचतं, आंबतं आणि पुढच्या घाण्यात उतरतं. पितळी फिटिंग जुनं मिळालं तर वरचं शिसं काढायला दोन भाग पांढरा व्हिनेगर, एक भाग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाच-दहा मिनिटं. पितळ लोण्यासारखं पिवळं दिसलं की बाहेर. पाणी हिरवं झालं म्हणजे जास्त वेळ ठेवलं.

सांगाड्यासाठी तू जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप सुचवलास. बर्नरजवळ जीआय नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, वेल्डिंगच्या कमानीत तर त्याचा धूरच होतो, आणि तो धूर घेतल्यावर रात्री भरणारी थंडी तुझ्याकडच्या वेल्डिंगच्या पोरांना माहीत आहे. इथे भंगारात नक्षीदार भोकांचे गॅल्व्हनाइज्ड चॅनेल ढिगाने मिळतात, बोल्ट मारून तासाभरात स्टँड उभा राहतो, म्हणून पुष्कळ जण तेच वापरतात. पायांना ठीक. वरच्या पट्टीला नाही.

दुसरा फुकटचा मोह म्हणजे जुन्या लोखंडी पलंगांचा अँगल. गुरुवारी रस्त्याकडेला ठेवलेला दिसतो, कोणीही उचलावा. पण यातला बराचसा अँगल जुन्या रेल्वे रुळांचं पोलाद पुन्हा लाटून केलेला असतो. रुळाच्या तुकड्याची ऐरण आपल्याकडे करतातच, तेव्हा त्याचा स्वभाव तुला सांगायला नको. साधं ड्रिल वरून घसरतं, वेल्ड मारला की बाजूची पट्टी कडक होऊन गार झाल्यावर तडकते. भार नसलेल्या जागी, पंपाच्या झाकणाला, नळी अडकवायला वापरावा.

मुख्य सांगाडा दोन इंची चौकोनी पाइपचा, एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाडीचा, साधा काळा एमएस. तीन केग ओळीत, प्रत्येकी ४१ सेंटिमीटर, मधे १२-१५ची फट, म्हणून लांबी १६० आणि रुंदी ४६. केगची बैठक जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर. केगची उंची ५९, म्हणजे तोंड चार फुटांच्या आत येतं आणि वाकून, स्टुलावर न चढता आत बघता येतं. जुने स्टँड तीन पायऱ्यांचे असायचे, पाणी वर, मॅश मधे, उकळ खाली, सगळं उताराने. पंप वाचतो, पण ४० लिटर गरम पाणी डोक्याच्या उंचीवर. घरात लहान मुलं असतील तर तो आराखडा बघूसुद्धा नये.

तिन्ही भरले तर वजन २१६ किलो, सांगाडा आणि बर्नर धरून २६०. चाकं चार असली तरी ओबडधोबड फरशीवर भार तिघांवरच येतो. त्यामुळे प्रत्येक चाक किमान १०० किलोचं, ब्रेकवालं, आणि बर्नरच्या थेट खाली नको. सगळं आधी टॅक मारून (ठिपक्यापुरतं जोडून) गुण्यात, म्हणजे काटकोनात घ्यायचं आणि केग ठेवून बघायचं, मगच पूर्ण वेल्ड. वाऱ्याचा आडोसा करायला जो पत्रा लावतो तो वेल्ड करू नकोस. तापला की फुगतो आणि सगळी चौकट ओढतो. लांबट भोकं पाडून बोल्ट आणि वायसर, हाताने घट्ट एवढंच. आडोशाला वरच्या बाजूला बोटभर फट सोडायची, नाहीतर जळालेली हवा बाहेर जात नाही आणि ज्वाला पिवळी होते.

रंग साधा लावलास तर पहिल्याच दिवशी पापुद्रे. भट्टीचा, ६०० अंश सोसणारा काळा रंग मिळतो. तोही डबा म्हणतो तसा टप्प्याटप्प्याने भाजावा लागतो.

बर्नर जुने घ्यायला आत्ताचा हंगाम. थँक्सगिव्हिंगच्या सणाला लोक अख्खी टर्की तेलात तळतात, आणि पुढच्या आठवड्यात एकदाच वापरलेल्या शेगड्या विकायला काढतात. त्यांचा बर्नर म्हणजे आपल्या लग्नातल्या आचाऱ्याची भट्टी समज, तसाच घोंघावतो. पाहायचं एवढंच: बिडाला तडा नाही ना, आणि नळीत कोळ्याचं जाळं नाही ना. हसू नकोस, कोळ्याने घर केलं तर हवा अडते आणि ज्वाला मागे फिरते. बर्नर नैसर्गिक वायूचा आहे की प्रोपेनचा हे जेटवरून, म्हणजे गॅस सुटतो त्या तोटीवरून कळतं. नैसर्गिक वायूचं भोक मोठं. तो तसाच प्रोपेनला जोडला तर हातभर पिवळी ज्वाला आणि पिंपाला बोटभर काजळी. बर्नर आणि केगचा तळ यात चार-पाच इंच. जवळ घेतल्याने गॅस वाचत नाही. ज्वाला थंड तळावर आपटते, अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणूनच हा स्टँड गॅरेजात दार लावून कधीच नाही, उघड्यावर. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो.

माझं मत विचारशील तर जुन्या-नव्याची रेघ इथेच मारायची. सांगाडा, पिंपं, बर्नरचं बीड, पंप जुने चालतील. सिलिंडरपासून जेटपर्यंत जे काही आहे ते सगळं नवं: रेग्युलेटर, होज, सुईचा व्हॉल्व्ह, गॅसचा पिवळा टेप. आपल्या घरचा रेग्युलेटर ३० मिलिबारचा असतो, इथे या बर्नरला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो, तेव्हा घरगुती होज चालवून घेऊ म्हणणं नाही. काही हुशार लोक स्टँडचा चौकोनी पाइपच गॅसची लाइन म्हणून वापरतात, दिसायला सुबक. वेल्डमधलं सुईएवढं भोक डोळ्यांना दिसत नाही आणि ते बर्नरच्या वर असतं. गॅसला वेगळा काळा पाइप, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी, दर हंगामाला परत.

पिंपांमधून पाणी खेळवणारा पंप चुंबकावर फिरणारा, डोक्याचं प्लास्टिक १२० अंश सोसणारं. तो स्वतःहून पाणी ओढत नाही, म्हणून पिंपाच्या नळापेक्षा खाली बसवायचा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवेचा बुडबुडा आपोआप निघून जातो. प्रवाह कमी करायचा तो बाहेरच्या व्हॉल्व्हने. आतला आवळला तर गरम वर्ट ओढीने तिथेच उकळतं, पंप खडखडतो आणि थांबतो. जुना घेताना डोकं उघडून पाहावं. कोरडा चाललेला असेल तर पंख्यामागचा वायसर झिजलेला दिसतो. वीज जमिनीकडे गळू लागली की आपोआप प्रवाह तोडणारा सॉकेट हवाच, ओल्या हातांचं काम आहे.

मॅशच्या पिंपाखाली आच देताना पंप चालूच ठेवायचा, नाहीतर भरड अडवणाऱ्या जाळीखालचं वर्ट करपतं आणि तो वास शेवटपर्यंत जात नाही. पण पंप जोरात सोडला की भरड दाबून बसते, वरून पाणी येतं, खाली काही उतरत नाही. मग पंप बंद, भरड हलवून सैल करायची, पाच मिनिटं स्थिरावू द्यायची आणि करंगळीएवढ्या धारेने पुन्हा.

थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, १५ मीटर, पाव इंचापेक्षा जाड. जुन्या एसीची नळी चालते, आत कॉम्प्रेसरचं तेल राहिलं तरी आतून नुसतं नळाचं पाणी जातं. बाहेरून मात्र घासून लखलखीत. सांधे पिंपाच्या काठाबाहेर लोंबायला हवेत, नाहीतर गळणारा थेंब बिअरमध्ये.

थर्मामीटर जुना घेतलास तर बर्फात आणि उकळीत तपास. कोल्हापुरात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तेव्हा तिथे काटा ९८वर थांबला तर त्याला दोष देऊ नकोस.

वर्ट पहिल्यांदा उकळीला येतं तेव्हा काहिलीतल्या रसासारखीच वर मळी येते, तपकिरी, जाड, आणि एका दमात उतू जाते. ५८ लिटरच्या पिंपात ४५च भरायचं ते यासाठी. तरीही त्या दोन-तीन मिनिटांत एक हात गॅसच्या व्हॉल्व्हवर लागतो. दुसऱ्या हातात इथे जे चमचे मिळतात ते सगळे आखूड दांड्याचे. आत्याच्या बॅगेत जागा आहेच, तर गुऱ्हाळावरचा लांब दांड्याचा झारा दे. दांडा दोन तुकड्यांत आट्यांचा करून दे, बॅगेत मावेल. तिथले आटे बीएसपीचे असले तरी हरकत नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू